परिपूर्ण अर्जाचा दिनांक

बायको विचारते, संध्याकाळी पिठलं-भाकरी करू का, आणि मी म्हणतो, "हरकत नाही." मग ती चिडते. "हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. हे हरकत नाही काय असतं?" तिचं बरोबर आहे. पण धाराशिव जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाच्या तोंडून सरळ 'हो' निघायला वेळ लागतो. 'हो' म्हटलं की जबाबदारी आली. 'हरकत नाही' म्हटलं की पिठलं खारट झालं तरी आपण मोकळे.

निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, साहेबांची नावंही लिहीत नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील, बाकीच्यांना सगळी कार्यालयं सारखीच.

शाळेत आपण समानार्थी शब्द पाठ करतो. मंजूर, मान्य, संमत, स्वीकृत. एका ओळीत येतात, एका मार्काला असतात. कार्यालयात मात्र यातला एकेक शब्द वेगळ्या टेबलावर बसतो आणि शेजारच्याला ओळख देत नाही. 'शिफारसपूर्वक सादर' म्हणजे मला पटलंय, पण सही तुमची. 'तत्त्वतः मान्य' म्हणजे साहेबांना कल्पना आवडली, यापुढं काही होईलच असं नाही. 'प्रशासकीय मान्यता' म्हणजे काम करायला हवं, 'तांत्रिक मान्यता' म्हणजे ते करता येईल, आणि दोन्ही मिळाल्यावर खाली बारीक अक्षरात 'निधी उपलब्धतेच्या अधीन' असलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. 'कार्योत्तर मंजुरी' म्हणजे आधी करून बसलोय, आता पदरात घ्या.

ढोकीकडचे एक गृहस्थ मला अजून आठवतात. गावाच्या समाजमंदिरासाठी त्यांनी तीन वर्षं खेटे घातले होते. एक दिवस 'तत्त्वतः मान्य' असं पत्र त्यांच्या हातात पडलं, आणि दुसऱ्या दिवशी ते किलोभर पेढे घेऊन कार्यालयात हजर. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. मलाही दिला. मी खाल्ला. त्यांना खरं काय ते सांगायला माझी जीभ उचलली नाही. पुढं वर्षभरानं आले तेव्हा म्हणाले, "साहेब, पेढे लई घाईत वाटले वो म्या." त्यावर मी हसलो होतो. आता हसू येत नाही.

होकाराचे शब्द असे, तर शेवटाचे शब्द त्याहून वाईट. पूर्ण, निकाली, नस्तीबद्ध, दप्तरी दाखल. बाहेरच्या माणसाला वाटतं, 'निकाली' म्हणजे काम झालं. तसं नाही. निकाली म्हणजे कागद माझ्या टेबलावरून हलला. तो कुठं गेला, माणसाला काय मिळालं, हे त्या शब्दात येत नाही. दर महिन्याच्या शेवटी प्रत्येक कारकून एक गोषवारा वर पाठवतो: किती प्रकरणं आली, किती निकाली काढली, किती प्रलंबित राहिली. त्या तिसऱ्या रकान्यात 'निरंक' लिहिता येणं म्हणजे आमच्यातला मोठा मान. आणि निरंक लिहिण्याची एक वहिवाट होती. तुमच्याकडं एखादं प्रकरण पडून असेल आणि वेळ नसेल, तर त्यात एक त्रुटी काढायची आणि अर्जदाराला परत पाठवायचं. 'खालील कागदपत्र सादर करावे.' पत्र गेलं की प्रकरण निकाली. माणूस कागद घेऊन परत आला की त्याला नवा आवक क्रमांक, नवी तारीख, नवं प्रकरण. गोषवाऱ्यात ते एकाचं दोन दिसतं आणि कारकून दुप्पट कामाचा ठरतो.

ही वहिवाट मी शोधून काढली नाही. मला ती माझ्या वरच्यानं शिकवली आणि मी माझ्या खालच्यांना शिकवली. आम्हाला कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं लोकच म्हणतात, मग थांबू देत की, असा आमचा हिशोब.

आमच्याकडं रशीद नावाचा शिपाई होता. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेणं हे त्याचं काम. पण तो नुसता नेत नसे. कुठली फाईल कुणाकडं किती दिवस आहे, हे त्याच्या डोक्यात असायचं. आवक-जावक नोंदवही बघण्यापेक्षा रशीदला विचारलेलं सोपं पडायचं. "शिंदेभाऊ, ती पांढऱ्या पुठ्ठ्याची तुमच्या डाव्या गठ्ठ्यात हाय, खालून तिसरी," असं तो दारातूनच सांगायचा. एका सकाळी कार्यालयाच्या पायऱ्या चढताना तो खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. पन्नाशीच्या आतला माणूस. मागं म्हातारी आई, बायको शमीम आणि दोन मुली.

नोकरीत असताना माणूस गेला तर घरातल्या एकाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळू शकते. मिळते असं मी लिहीत नाही, मिळू शकते. आधी अर्ज, मग प्रतीक्षासूची, आणि जागा निघेल तसा वरून एकेक नंबर लागतो. वयाची पंचेचाळीस वर्षं झाली की नाव सूचीतून कमी होतं. शमीमभाभीनं अर्ज केला तेव्हा तिला एक्केचाळीस पूर्ण झाली होती. मुली शाळेत होत्या, त्यामुळं अर्ज तिच्याच नावानं करावा लागला. तेव्हाच्या नियमात सूचीतलं नाव बदलून नंतर दुसऱ्या वारसाचं लावता येत नव्हतं. म्हणजे तिच्या हातात चार वर्षं होती.

आस्थापनेचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका आणि कागदपत्रांचं, टेबल माझ्याकडं होतं, म्हणून ती माझ्याकडंच आली. डोक्यावरून पदर, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. समोर उभी राहून एकेक कागद काढून देत होती. मृत्यूचा दाखला, वारसांचा दाखला, शिधापत्रिका, सातवी पास झाल्याचं प्रमाणपत्र.

"बसा भाभी," मी म्हटलं.

"बसते भाऊ. आधी एवढं बघा. काय राह्यलं का?"

"बघतो. काळजी करू नका. रशीद आमचाच माणूस होता."

मी तिला आवकचा शिक्का मारून पोच दिली. त्या दिवशी मला खरंच वाटत होतं की हे काम आपण मनावर घेऊन करायचं.

या सूचीत नंबर कसा लागतो ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावर आहे. माणूस कधी गेला, यावर नंबर ठरत नाही. अर्ज कधी केला, यावरही नाही. 'परिपूर्ण अर्जाचा दिनांक' धरतात. म्हणजे सगळे कागद जोडलेला अर्ज ज्या दिवशी आला तो दिवस. एक कागद कमी असेल तर तो येईल त्या दिवसापासून मोजणी. नियम वाईट नाही. पण परिपूर्ण आहे की नाही, हे ठरवणारा माणूस एकच, टेबलावरचा कारकून.

त्या महिन्यात नवीन साहेब आले होते. तरुण, हुशार, कामाचा उरक दांडगा. आल्या आल्या बैठक घेतली आणि म्हणाले, महिनाअखेर मला प्रत्येक टेबलावर शून्य प्रलंबितता पाहिजे. जो करील त्याचा सत्कार. माझ्याकडं अकरा प्रकरणं होती आणि शेवटचा दिवस. मी छापील तपासणी यादी काढली. त्यात कागदपत्रांची नावं असतात, जे नसेल त्यापुढं खूण करायची. अकरा प्रस्ताव, अकरा पत्रं. एकेक फाईल उघडून बघायला दुपार पुरली नसती. कुणाला जन्मतारखेचा पुरावा, कुणाला रहिवासी दाखला. शमीमभाभीच्या पत्रात मी 'इतर वारसांचे संमतीपत्र' यापुढं खूण केली. हे बहुतेकांचं नसतंच, म्हणून. पाच वाजता गोषवारा लिहिला. प्रलंबित, निरंक.

दहा दिवसांनी सत्कार झाला. शाल, नारळ आणि चौकटीत बसवलेलं प्रशस्तिपत्र. आमच्या घरात ते टीव्हीच्या वर लावलेलं आहे. बायको दर दिवाळीला पुसते.

भाभीनं पत्र मिळाल्यावर एका शब्दानं काही विचारलं नाही. संमतीपत्र म्हणजे सासूचं हवं. सासू तेव्हा उमरग्याला मुलीकडं राहायला गेलेली. तिथं ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, दवाखान्यात होती. म्हातारीला उठून बसता येईना, शुद्ध राहीना, त्यामुळं तिचा अंगठा घ्यायला तीन वेळा एसटीनं उमरग्याला जावं लागलं. शाळेत खिचडी शिजवायचं काम भाभीनं धरलं होतं, तिथली सुट्टी मिळायची पंचाईत. सगळं होऊन नवीन संमतीपत्र माझ्या टेबलावर आलं तेव्हा चार महिने झाले होते. मी ते घेतलं, नवा आवक क्रमांक टाकला. त्या चार महिन्यांत सात जणांचे अर्ज परिपूर्ण होऊन तिच्या पुढं गेले होते.

प्रस्ताव वर पाठवण्याआधी फाईलीला पानांचे नंबर घालावे लागतात. ते करताना मृत्यूच्या दाखल्यामागं, एकाच टाचणीत अडकलेला, मला एक कागद दिसला. सासूचं संमतीपत्र. अंगठा, साक्षीदार, शिक्का, सगळं जागेवर. तारीख पहिल्या अर्जाच्या आदल्या दिवसाची. म्हणजे भाभीचा अर्ज पहिल्याच दिवशी परिपूर्ण होता.

मी तारीख पुन्हा एकदा वाचली.

उपाय सोपा होता. दोन ओळींची टिपणी लिहायची: सदर कागदपत्र मूळ अर्जासोबत होते, नजरचुकीने त्रुटी काढण्यात आली, तरी मूळ दिनांक कायम करावा. एवढ्यानं तिचे चार महिने परत आले असते. मी टिपणी लिहायला घेतली, आणि मग हेडक्लार्ककडं गेलो. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, मला घडवलेले. त्यांनी कागद बघितला आणि चष्मा काढला.

"शिंदे, लिहा. माझी ना नाही. पण एक प्रकरण चुकून परत पाठवलं असं कबूल केलं की साहेब बाकीची दहा उघडायला लावतील. त्यात काय निघंल ते तुमाला माहिती हाय. गोषवारा वर गेलाय, सत्कार झालाय."

"मग भाभीचं?"

"चार वर्षं हायत की तिला. चार महिन्यांनी काय बिघडतंय? लागंल नंबर."

त्यांच्यावर ढकलून मी मोकळा होणार नाही. त्यांनी 'लिहा' म्हटलं होतं. मला न लिहिण्यासाठी कुणीतरी कारण द्यायला हवं होतं, ते मिळालं, आणि मला हायसं वाटलं. टिपणीचा कागद मी फाडला. जुनं संमतीपत्र फाईलीत नव्याच्या खाली लावून टाकलं. तिथं कुणी बघत नाही.

पुढची चार वर्षं ती येत राहिली. महिन्यातून एकदा, बहुधा बाजाराच्या दिवशी. दारापाशी थांबायची. मी मान वर केली की आत यायची.

"भाऊ, काय हाललं का?"

"प्रक्रिया चालू आहे भाभी. वरून मागणीपत्र आलं की लगेच."

"व्हय. तुमी हाव म्हणून काळजी न्हाय."

जागा निघायच्या कमी. एका वर्षी दोन, एका वर्षी एक, एक वर्ष भरतीच बंद. मी दर वेळी सूची काढून बोट फिरवत तिच्या नावापर्यंत यायचो. बाविसावी, मग विसावी, मग एकोणिसावी. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मी देवाला नवस बोललो होतो. तुळजापूरला जाऊन आलो. तिचं वय आणि तिचा नंबर यांची शर्यत लागली होती आणि ती शर्यत मी लावून दिली होती, हे मी आणि हेडक्लार्क सोडून कुणालाच माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

शेवटच्या वर्षी बऱ्याच जागा निघाल्या. आदेश निघाले. तिच्या आधीच्या नंबरापर्यंत सगळे लागले आणि तिथं जागा संपल्या. तिच्या आधीचा मुलगा तामलवाडीकडचा, चांगला होता, रुजू व्हायला आला तेव्हा माझ्या पाया पडला. तो त्या सातांतलाच एक होता. मी त्याला आशीर्वाद दिला आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

दोन महिन्यांनी भाभीला पंचेचाळीस पूर्ण झाली. नाव कमी केल्याचं पत्र मलाच लिहायचं होतं, कारण टेबल माझं. 'विहित वयोमर्यादा पूर्ण झाल्याने आपले नाव प्रतीक्षासूचीतून कमी करण्यात येत आहे. सबब प्रकरण अंतिमतः निकाली काढण्यात येत आहे.' हा मसुदा मी आयुष्यात तीसेक वेळा लिहिला असेल. त्या दिवशी तीन वेळा चुकला. ती पत्र घेऊन आली आणि मला वाचून दाखवा म्हणाली. वाचता येत होतं तिला. मी वाचलं.

"मंग आता काय करावं लागंल भाऊ?"

"काही नाही भाभी. आता काही करता येत नाही."

तिनं पत्राची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "तुमी लई केलं आमच्यासाठी." आणि गेली. पुढं दोन्ही मुलींची शाळा दहावीवर थांबली. थोरली नसरीन एका कपड्याच्या दुकानात लागली. ती हुशार होती, रशीद तिचे मार्क सगळ्या कार्यालयाला सांगत फिरायचा.

माझ्या निरोप समारंभात साहेबांनी भाषण केलं. "शिंदे यांच्या टेबलावर कधी काही प्रलंबित राहिलं नाही." टाळ्या झाल्या. जुन्या कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. मागच्या रांगेत शमीमभाभी बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती. ते बघून मात्र माझ्यानं राहवलं नाही.

आठ दिवसांनी मी तिच्या घरी गेलो. दर्ग्याच्या मागच्या गल्लीत पत्र्याची एक खोली. ती उंबऱ्यात तूर डाळ निवडत बसली होती. मला बघून घाईनं उठली, आतून प्लास्टिकची खुर्ची आणली, पदरानं पुसली. मी बसलो आणि जे सांगायचं ते न थांबता सांगून टाकलं. संमतीपत्र पहिल्यापासून फाईलीत होतं, मी न बघता खूण केली, नंतर सापडलं तरी बोललो नाही, आणि तेवढ्यावरून तुमची नोकरी गेली.

ती परत डाळ निवडायला लागली.

"म्हाईत हाय भाऊ."

"कधीपासून?"

"तुमचं पत्र आलं त्याच दिशी. तो कागद म्या तुमच्याच टेबलावर लावला व्हता. टाचणी तुमीच दिली."

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही.

"मग तेव्हाच का नाही बोललात? साहेबांकडं तक्रार केली असती तरी तारीख परत मिळाली असती."

तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "तक्रारीची चौकशी कुणाच्या टेबलावर आली असती भाऊ?"

आस्थापनेच्या तक्रारी आस्थापनेच्याच टेबलावर येतात. तिला हे रशीदकडून कळलं, की चार वर्षं दारात उभं राहून, कोण जाणे.

"नसरीनचे अब्बा म्हणायचे, कारकुनाला राग आला तर फाईल हालत न्हाय. म्हणून म्या गप बसले. तवापासूनच ईदला तुमच्या घरी डबा द्याया लागले. आधी कुठं देत व्हते?"

खरंच आधी देत नव्हती. चार वर्षं ईदच्या दुसऱ्या दिवशी नसरीन शीरखुर्म्याचा डबा घेऊन आमच्या दारात यायची. बायको कौतुकानं वाट्यांत काढायची. मी रशीदची आठवण काढत खायचो आणि माणसांत अजून माया उरलीय असं शेजाऱ्यांना सांगायचो.

भाभी आत गेली आणि चहा करून घेऊन आली. कपबशी माझ्या हातात दिली आणि स्वतः खुर्चीपासून दोन हात लांब उभी राहिली.

"साखर बरोबर हाय का भाऊ?"

मी निवृत्त झालो होतो. तिचा एकही कागद आता माझ्या हातात नव्हता. तरी ती कार्यालयात 'काय हाललं का' विचारायची त्याच आवाजात विचारत होती, आणि मी बरोबर आहे म्हणेपर्यंत बसली नाही.